साळूताईंच्या तीन खोल्या

घर लहान असलं तरी चालतं, मन मोठं पाहिजे, असं कुणी साळूताईंसमोर म्हटलं की त्या लगेच विचारायच्या, "तुमचं घर केवढं हाय?" आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या. असं बोलणाऱ्याचं घर बहुतेक वेळा ऐसपैस असायचं. मग त्या मान हलवायच्या आणि चहाचा कप उचलायच्या. त्यांचं म्हणणं सिद्ध झालेलं असायचं.

मी पैठणहून औरंगाबादला टेलिफोन ऑपरेटर म्हणून आले तेव्हा साळूबाई शिंगाडे तिथं दहा-बारा वर्षं मुरलेल्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, रुंद खांद्यांच्या. कानाला हेडफोन लावला की त्यांची भाषा धुतल्यासारखी स्वच्छ व्हायची, "मुंबई, आपला पैठणचा कॉल तयार आहे, कृपया बोला." हेडफोन काढला की, "विजू, त्या मुंबईवाल्याला काय घाई सुटली गं? लई कावला माझ्यावर." आम्ही बायका बोर्डांसमोर कोपराला कोपर लावून बसायचो. साळूताई तेवढ्या खुर्ची मुद्दाम वीतभर बाजूला सरकवून बसायच्या. शेजारणीनं परत जवळ ओढली तर परत सरकवायच्या.

त्यांच्या या जागेच्या हट्टामागचं कारण मला एका निरोपसमारंभाच्या दिवशी कळलं. आमचे एक साहेब निवृत्त होत होते. हार-तुरे झाले, आणि साहेबांनी भाषणात सांगितलं की सुख काही घराच्या आकारावर नसतं, ते माणसांच्या प्रेमावर असतं. टाळ्या पडल्या. साळूताई मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या.

"साहेब, एक विचारू? तुमचा बंगला केवढा हाय?"

सगळे हसले. साहेबही हसले, पण जरा उशिरानं.

घरी जाताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "माझा आजा करमाडच्या रानात मेंढरं राखायचा. पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत मेंढरं पांगली, राहिलेली विकली, आन घरचे शहरात आले. बाप औरंगपुऱ्यात वखारीवर हमाली करायला लागला. वखारीच्या मागं दहा बाय बाराची खोली. त्यात आम्ही नऊ जण. मी तिथंच जन्मले." रिक्षा खड्ड्यातून गेली. त्या दांड्याला धरून बसल्या. "सगळे म्हणतात माझी माय लई भांडकुदळ हाय. खोटं हाय ते. तिला जागा नव्हती. भाकरी थापताना कुणाचा तरी पाय तिच्या परातीला लागायचा. दिवसातून धा येळा लागला तर तू काय करशील? आजा मेला तवा त्याला आडवा ठिवायला चूल उचलून भायेर ठिवावी लागली. आम्ही पोरं गल्लीत उभी. तवाच ठरवलं मी."

"काय ठरवलं?"

"मोठं घर घ्यायचं. एकटीचं असलं तरी मोठं."

लग्न त्यांनी केलं नाही. आधी भावंडांची शिक्षणं होती, मग बहिणींची लग्नं. ती झाली तेव्हा त्यांचं वय निघून गेलं होतं असं लोक म्हणायचे. साळूताई म्हणायच्या, "वय कुटं जातंय? इथंच हाय की."

जालना रोडच्या बाजूला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. शहर तिथपर्यंत पोचायचं होतं. एका रविवारी त्या मला घेऊन बिल्डरच्या ऑफिसात गेल्या. शेठनं थंड पाणी मागवलं, नकाशा पसरला, आणि एका कोपऱ्यावर पेन्सिल ठेवली.

"मॅडम, एकट्यासाठी हे वन रूम किचन भरपूर आहे."

"एकटीला भरपूर म्हंजे किती, ते तुम्ही ठरवणार का मी?"

शेठची पेन्सिल दुसऱ्या कोपऱ्यावर गेली. दोन बेडरूम, हॉल, स्वयंपाकघर. "हा हजार स्क्वेअर फुटाचा आहे. पण फॅमिलीसाठी."

"हाच दाखवा."

इमारतीचा सांगाडा उभा राहून भिंती झाल्या होत्या, प्लॅस्टर व्हायचं होतं. साळूताईंनी पिशवीतून शिंप्याची टेप काढली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. खोलीमागून खोली मोजत गेल्या. शेठ पाठीमागं हात बांधून उभे. हिशोब झाल्यावर त्या म्हणाल्या, "आत तर पावणेआठशे भरतंय. बाकीचं कुटं गेलं?"

शेठनं समजावून सांगितलं. भिंतींची जाडी, जिना, समोरचा पॅसेज, यांतला प्रत्येकाचा वाटा त्यात धरलेला असतो. सगळीकडे असंच असतं.

"असं व्हय," साळूताई म्हणाल्या. "म्हंजे जिना थोडा माझा हाय. मग उन्हाळ्यात मी माझ्या वाट्याच्या पायऱ्यांवर चटई टाकून झोपले तर चालंल का? आन भिंतीत तर मला शिरताच येत नाय."

दाराबाहेर वाळू चाळून घेणारे करीमभाई मिस्त्री खो खो हसले. "बाई बराबर बोलरे शेठ. सीढ़ी पे कौन सोतै?"

शेठला हसावं लागलं. एकदा माणूस हसला की तो साळूताईंच्या तावडीतून सुटत नसे. तासाभरात त्यांनी दर खाली आणला, करारात आतलं माप वेगळं लिहायला लावलं, आणि वर दोन्ही बेडरूमच्या खिडक्या हातभर रुंद करून घेतल्या. परतताना मी म्हटलं, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटली? एवढं मोठं कर्ज?"

"कर्जाची कसली भीती? पगार हाय माझा. भीती मला त्या खोलीची वाटती. आजूनबी सपनात येती."

घर झालं. वास्तूला सगळं एक्स्चेंज जेवून गेलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तीन खोल्यांत एकट्या काय करता हो तुम्ही?" साळूताईंनी सरळ सांगितलं, "एकीत बसते, एकीत झोपते, आन तिसरीत काहीच करत नाय."

ते खरं होतं. तिसऱ्या खोलीत त्यांनी काहीही ठेवलं नाही. खाट नाही, कपाट नाही, देवही नाहीत. झाडून पुसून लख्ख फरशी आणि रुंद खिडकी. संध्याकाळी ड्युटीवरून आल्या की त्या त्या खोलीत एक फेरी मारायच्या, भिंतीला पाठ लावून पाय लांब सोडून बसायच्या आणि मगच चहा ठेवायच्या.

पुढं आम्हा मैत्रिणींना त्या खोलीची सवय लागली. मी तेव्हा सासरी पाच माणसांत दोन खोल्यांत राहत होते. एकदा दुपारची ड्युटी संपवून मी त्यांच्याकडे गेले आणि काही कारण नसताना रडायला लागले. "जा, तिकडं बस. दार लावून घे," एवढंच म्हणाल्या. मी अर्धा तास त्या रिकाम्या खोलीत बसले. रडूही आलं नाही मग. नुसती बसले. बाहेर आले तेव्हा पोहे तयार होते. आमच्यातली एक खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करायला तिथं यायची. एक नुसती झोपायला यायची, तिच्या घरात तान्हं आणि आजारी सासरा दोन्ही होते. साळूताई कुणाला कधी नाही म्हणाल्या नाहीत. फक्त जाताना म्हणायच्या, "काही विसरली नाय ना? काही ठिवून जाऊ नको तिथं."

याच खोलीवरून त्यांचं भावाशी बिनसलं. धाकटा भाऊ नामदेव बायको-पोरांसह आणि आईसह अजून वखारीमागच्या त्याच खोलीत राहत होता. त्याचा मोठा मुलगा संतोष कॉलेजात गेला तेव्हा नामदेव बहिणीकडे आला. मी तिथंच होते.

"आक्का, संतोषला तुझ्याकडं ठिवतो. ती खोली रिकामीच हाय."

"संतोष येऊ दे की. हॉलमधी झोपंल, टेबल लावून देते त्याला. ती खोली नको."

नामदेवचा चेहरा उतरला. "परक्या बायकांना देती, आन भावाच्या पोराला नाय?"

"त्या अर्ध्या घंट्यानं उठून जातात, नामदेव. संतोष आला की खोली त्याची व्हईल. मग तुझी व्हईल. मग एक दिस मीच वळकटी घेऊन हॉलमधी येईन, आन मला कळणारबी नाय कधी आले ते. मी वळखते आपल्या घराला."

"लोकं काय म्हणतील? एकटी बाई तीन खोल्या अडवून बसली?"

"लोकाईला म्हणू दे."

नामदेव उठून गेला. संतोषला त्यानं पाठवलं नाही. राखीलाही आला नाही. साळूताईंनी राखी पोस्टानं पाठवली. त्या वर्षभर त्या खुर्ची नेहमीसारखी वीतभर सरकवून बसत होत्या, ग्राहकांना नेहमीसारख्या दटावत होत्या, पण डबा अर्धाच खायच्या. मला मनातून नामदेवचं पटत होतं. एक पोरगं राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मी एकदा तसं म्हटलंसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. "तुला तसंच वाटणार," म्हणाल्या. "तू चांगली हायेस."

मग त्यांची आई पडली. मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकून खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टर म्हणाले की दोन-तीन महिने खाटेवर ठेवा, मग काठीनं चालवा. वखारीमागच्या खोलीत खाट टाकली असती तर बाकीच्यांना गल्लीतच झोपावं लागलं असतं. नामदेव दवाखान्याच्या पायऱ्यांवर डोकं धरून बसला होता. साळूताईंनी खाट विकत आणली, तिसऱ्या खोलीत खिडकीशी टाकली, आणि आईला तिथं आणलं. मला वाटलं, चला, खोलीचा प्रश्न सुटला.

चार दिवसांनी साळूताई बोर्डावर बसल्या आणि पहिल्यांदाच खुर्ची सरकवायला विसरल्या.

"विजू, मी चुकले का गं?"

"काय झालं?"

"माय झोपत नाय. म्हणती, साळे, इथं आवाजच नाय, मेल्यावानी वाटतंय. एवढी मोठी खाट, तर भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन पडती. पाय लांब कर म्हटलं तर म्हणती, कुणाला लागंल." त्यांनी हेडफोन हातात फिरवला. "मी सारी हयात म्हणत आले जागा पायजे, जागा पायजे. आन मायला दिली तर ती तिच्यात बुडायली."

त्या दिवशी संध्याकाळी त्या औरंगपुऱ्यात गेल्या. तिथं काय झालं ते मला नामदेवनं पुष्कळ वर्षांनी सांगितलं. साळूताई दारात उभ्या राहिल्या. आत नामदेवची बायको कांता स्वयंपाक करत होती, पोरं अभ्यासाला बसली होती, पाय ठेवायला जागा नव्हती. नामदेवनं वर पाहिलं नाही.

"नामदेव, चल," त्या म्हणाल्या. "सगळे चला. कांता, तू बी. पोरं बी."

"कुटं?"

"माझ्या घरी. मायला तुमचा गलका पायजे. माझ्याच्यानं एकटीच्यानं तेवढा गलका व्हत नाय."

मला हे सांगताना नामदेव म्हणाला, "मी तर रडलोच ताई. आक्का आजवर कुणाला बोलवायला आली नव्हती. ती बोलवायची तर फोनवर."

मग तेव्हापासून साळूताईंच्या घरात आठ माणसं राहायला लागली. मी जायचे तेव्हा दारात चपलांचा ढीग असायचा. त्या ढिगाकडे बघून मला धास्ती वाटायची, की आता खटके उडतील. उडालेही. पण भांडण झालं की कांता आतल्या खोलीत जायची, साळूताई स्वयंपाकघरात, नामदेव गॅलरीत, आणि चहापर्यंत दोघी पुन्हा एका ओट्याशी उभ्या. कांता मला म्हणाली, "ताई, लग्नाला अठरा वर्षं झाली. रुसून बसायला मला पहिल्यांदाच जागा मिळाली."

आई मात्र मजेत होती. पोरं तिच्या खाटेवर बसून पाढे म्हणायची, पत्ते खेळायची. तिचा आवाज परत आला. ती कांतावर ओरडायला लागली तेव्हा साळूताई हसून म्हणाल्या, "बरी झाली."

एका दुपारी मी गेले तर साळूताईंनी दार उघडून तोंडावर बोट ठेवलं. मला दंडाला धरून तिसऱ्या खोलीच्या दाराशी नेलं. खिडकीतून ऊन आलं होतं. पोरं शाळेत गेलेली. म्हातारी पाठीवर उताणी झोपली होती. एक पाय सरळ, दुसरा जरा बाजूला, आणि डावा हात खाटेच्या बाहेर लांब गेलेला. तोंड थोडं उघडं. घोरत होती.

"हात बघ तिचा," साळूताई माझ्या कानात म्हणाल्या. "कुटवर गेलाय बघ."



म्हातारी काठी घेऊन चालायला लागली, गॅलरीपर्यंत जाऊन लोकांची चौकशी करायला लागली. पुढच्या वर्षी ती त्याच खोलीत गेली, झोपेतच. मी गेले तेव्हा तिला फरशीवर मधोमध ठेवलं होतं आणि भोवताली सगळे बसले होते, लेकी, सुना, नातवंडं, वखारीवरची माणसं, करमाडहून आलेले भाऊबंद. साळूताई आईच्या उशाशी पाय पसरून बसल्या होत्या आणि आलेल्या प्रत्येकाला हातानं खुणावत होत्या, आत या, बसा, जागा हाय.

दिवसकार्य झालं आणि महिन्याभरानं साळूताईंनी नामदेवला समोर बसवलं. त्याला वाटलं आता जा म्हणतील. त्या म्हणाल्या, "राह्यचं तितकं राहा. पण तुझं घर बघायला उद्यापासून आपण निघायचं. वखारीमागं परत जायचं नाय." पुढचे कित्येक रविवार भाऊ-बहीण नामदेवच्या लुनावर बसून शहराच्या चारी बाजू हिंडले. नामदेवला गावात, तो कामाला होता त्या दुकानाजवळ काहीतरी छोटं हवं होतं. साळूताईंनी त्याला शहराबाहेर, करमाडच्या वाटेवर, चार खोल्यांचं घर घ्यायला लावलं. "रोज अर्धा घंटा बसमधी बसशील," म्हणाल्या, "पण घरी आल्यावर लेकरावर खेकसणार नाय. हिशोब करून बघ." कांतानं हिशोब केला आणि ती नणंदेच्या बाजूनं झाली. नामदेवचं काही चाललं नाही.

ते गेल्यावर तिसरी खोली परत रिकामी झाली. खाट त्यांनी कांताला दिली.

निवृत्तीनंतर साळूताईंना हाच उद्योग झाला. ओळखीतलं कुणी घर घ्यायचं म्हटलं की त्यांना नेत. त्या सोसायटीचं नाव विचारत नसत, फरशी कोणत्या कंपनीची ते विचारत नसत. घरात पाव्हणे आले तर लेकरं कुठं झोपणार, आजारी माणूस कुठं पडणार, एखादीला एकटं बसावं वाटलं तर ती कुठं बसणार, एवढंच विचारायच्या. कुणी म्हणालं की ताई, आमचं बजेट लहान आहे, तर म्हणायच्या, "मग गावापासून लांब जा. झुंबर नको घेऊ. जागा घे." सगळ्यांनी ऐकलं असं नाही. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याकडेही त्या वास्तूला जाऊन पोटभर जेवल्या.

पुण्यात राहणाऱ्या माझ्या लेकीनं इथं फ्लॅट घ्यायचं ठरवलं तेव्हा साळूताईंचं वय पंचाहत्तरीच्या आसपास होतं. शहराचं नाव बदललं होतं, जालना रोड शेंद्र्यापर्यंत इमारतींनी भरला होता. मी म्हटलं, ताई, ऊन आहे, तुम्ही कशाला? त्या तोवर रिक्षात बसल्यासुद्धा होत्या. त्या भेटीनंतर माझं लेकीकडे पुण्याला जाणं-येणं वाढलं, आणि त्या गेल्याचं मला तिथंच कळलं. म्हणून माझ्यासाठी त्या अजून त्या चौथ्या मजल्यावरच आहेत.

लिफ्ट सुरू झाली नव्हती. प्रत्येक मजल्यावर दम घेत, एका हातानं काठी टेकत, दुसरा माझ्या खांद्यावर ठेवून त्या चढल्या. दाखवायला आलेला माणूस पोहण्याच्या तलावाबद्दल सांगत होता, जिमबद्दल सांगत होता. साळूताई ऐकत होत्या. हॉल आणि आतल्या लहान खोलीच्या मधे विटांची पहिली रांग नुकती मांडली होती. माझ्या लेकीनं विचारलं, "आजी, घेऊ का?"

"घे," त्या म्हणाल्या. "पण ही मधली भिंत आत्ताच नको म्हण. लागली तर पुढं बांध. बांधायला काय, कवाबी बांधता येती."

दाखवणाऱ्या माणसानं काहीतरी टिपून घेतलं. लेक आणि जावई त्याच्याबरोबर खाली बोलायला गेले. साळूताई गॅलरीत गेल्या. कठडा झाला होता, जाळी व्हायची होती. खाली मोकळे प्लॉट, खांब, आणि त्यापलीकडे अजून न विकलेलं रान, पिवळं गवत. त्या गवतात मेंढरं चरत होती, शंभरेक असतील, आणि लाल पागोटं घातलेला एक माणूस काठीवर रेलून उभा होता.

साळूताईंनी काठी माझ्याकडे दिली. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि एक लांब हाळी घातली. इतक्या वर्षांत हा आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता, बोर्डावरही नाही, भांडणातही नाही. तो खालून निघाला आणि चढत चढत रानावर गेला.

लाल पागोटं हललं. माणसानं इमारतीकडे पाहिलं. मजल्यामागून मजला, खिडकीमागून खिडकी, कोण हाक मारतंय ते शोधत राहिला. पुढची मेंढरं मान वर करून थबकली होती.

"ऐकलं त्यानं," मी म्हटलं.

"ऐकणारच की," साळूताई म्हणाल्या आणि परत हात तोंडाशी नेले. एवढ्यात खालून, रानातून, त्याची हाळी आली.